वाड्यावरची एक रात्र



दिवाळीनंतर आम्ही बचत गटाच्या पाच जणी चाकणजवळ शेतात उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर मुक्कामाला गेलो. हल्ली शहरातली माणसं पैसे मोजून खेड्यात राहायला येतात. 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. आपणही पिंपरी-चिंचवडच्या पाहुण्यांसाठी असं काही करावं का, ते बघायचं होतं.

संध्याकाळी वाघर लावून मेंढ्या आत बसवल्या. चुलीवरची बाजरीची भाकरी, ठेचा आणि अंगावर घोंगडी. एकीकडे कंपन्यांचे दिवे, वर चांदणं. फार बरं वाटलं.

पण झोप लागली ती आम्हालाच. कुत्रं भुंकलं की वाड्यावरची ताई बिबट्याच्या धास्तीनं उठून बसायची. पहाटे पाणी, कोकरं, भाकरी, मग घोड्यावर बिऱ्हाड लादणं, सगळं तीच करत होती. मेंढ्या बसल्या की शेताला लेंडीखत मिळतं; शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. “त्यात तुमचं काय?” आम्ही विचारलं. ती हसली, “माझं कसलं? घरचंच काम ते.”

येताना आम्ही गप्पच होतो. मग बैठकीत ठरवलं, पाहुणे न्यायचे तर तिला विचारूनच, आणि पैसे तिच्याच खात्यावर. अडचण एकच होती. दर महिन्याच्या बैठकीला येणं जमत नाही, म्हणून फिरत्या बाईला आपण गटात घेत नाही. मैत्रिणींनो, हा नियम आपणच केलाय. आपणच बदलूया.