परदेशीचा पाळणा

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव नावाचे गाव लागते. भोवती भाताची खाचरे, मागे सह्याद्रीची रांग आणि गावात गणपतीचे प्रसिद्ध देऊळ. या गणपतीला बालदिगंबर म्हणतात. म्हणजे येथे देवच मूल होऊन भक्तांच्या भेटीस आला आहे. अशा गावात लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली म्हणजे घराचे रूप कसे पालटते, हे श्रोत्यांना सांगावयास नको. बाजेखाली शेगडी येते, ओवा-शेपांची धुरी होते, अळिवाची खीर शिजते, डिंकाचे लाडू वळले जातात. पाचवीची पूजा होते. बाराव्या दिवशी बारसे होऊन आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. आई एकटी, पण तिच्या पाठीशी दहा हात असतात. मूल वाढते ते या दहा हातांवर.

परंतु हे दहा हात जेथे नाहीत, जेथे भाषा निराळी, अन्न निराळे आणि आकाशातून केव्हा बाँब पडेल याचा नेम नाही, अशा ठिकाणी एखाद्या महाराष्ट्रीय गृहस्थाच्या घरी पाळणा हलला तर? तेथे संसार कशाच्या आधारावर उभा राहावयाचा? हा प्रश्न काल्पनिक नाही. सोलापूरच्या एका सुपुत्राच्या आयुष्यात तो 1942 साली प्रत्यक्ष उभा राहिला होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. 1937 साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली, आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे एक पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. 1938 च्या सप्टेंबरात हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही जणांनी आपापल्या नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडून चिनी नावे घेतली. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

पथक येनानला पोहोचण्यापूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी भावंडांचे मोठे कुटुंब. कोणीही परत फिरला असता तर त्याला दोष देता आला नसता. तथापि कोटणीस परतले नाहीत. पथकातील इतर सहकारी पुढे एकामागून एक स्वदेशी आले; कोटणीस मात्र उत्तर चीनमधील शान्सी, चाहार व होपेइ या प्रांतांच्या सीमेवरील युद्धक्षेत्रात राहिले. कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून 1939 साली तेथेच वारले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 मध्ये कोटणीसांकडे आले.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची कुओ छिंगलान यांच्याशी ओळख झाली होती. छिंगलानबाई शान्सी प्रांतातल्या. शिक्षणाने परिचारिका, आणि तेथील वैद्यकीय शाळेत शिक्षिका. चिनी भाषेत शिकवू शकणारा हा परदेशी डॉक्टर त्यांना नवलाचा वाटला असल्यास आश्चर्य नाही. 1941 च्या अखेरीस उभयतांचा विवाह झाला, आणि 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना पुत्र झाला.

या संसाराला शहर नव्हते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मोठी शहरे आणि लोहमार्ग जपान्यांच्या ताब्यात होते. रुग्णालय म्हणजे खेड्यातील घरे, आणि शत्रूची चाहूल लागताच रोग्यांसह डोंगरात निघून जाण्याची तयारी. पगार नाण्यांत नव्हे, तर बहुतांशी धान्याच्या मापात मोजला जाई, आणि ते धान्य म्हणजे राळे. सोलापूरच्या जुन्या घरांत राळ्याचा भात अपरिचित नव्हता. हिंदुस्थानातून इतक्या दूर येऊन ताटात काही ओळखीचे उरले असेल तर ते एवढेच.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. चिनी बाळंतिणीचा आचार आणि आपल्याकडील बाळंतिणीचा आचार एकाच आजीने घालून दिल्यासारखे दिसतात. चीनमध्ये प्रसूतीनंतर ‘महिनाभर बसणे’ अशी रूढी आहे. बाळंतिणीने वारा लागू द्यावयाचा नाही, गार पाण्यास शिवावयाचे नाही. उत्तरेकडे तिला राळ्याची पेज, तांबडी साखर आणि अंडी देतात. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवतात. तेथे विटामातीचा ओटाच असा बांधतात की चुलीची ऊब त्याच्या पोटातून फिरावी. त्या ओट्याला ‘खांग’ म्हणतात. गोठवणाऱ्या थंडीत सारे कुटुंब त्यावरच निजते. महिना पुरा झाला की तांबडी रंगवलेली अंडी वाटतात, आणि मूल शंभर दिवसांचे झाले की पुन्हा आनंद करतात; कारण शंभर दिवस निभावलेले मूल आता जगेल, असा विश्वास वाटू लागतो. आपली पाचवी काय किंवा तेथील शंभरावा दिवस काय, दोहोंच्या मुळाशी एकच भीती आणि एकच आशा आहे. युद्धाच्या धामधुमीत या साऱ्या रूढी कितपत पाळता येत हा प्रश्न निराळा. परंतु परक्या देशात जन्मलेल्या त्या बालकाभोवती असलेले जग मुळात इतके परके नव्हते.

राहता राहिला बारशाचा मान. तो आत्याचा. या बाळाला सख्ख्या आत्या होत्या, पण त्या साऱ्या समुद्रापलीकडे हिंदुस्थानात. तेव्हा हा मान गेला सेनापती न्ये रोंगचेन यांच्याकडे. त्यांनी नाव सुचविले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. बापाने चीनचे जे अक्षर स्वतःच्या नावात घेतले होते, तेच मुलाला वारसा म्हणून मिळाले, आणि त्याच्या शेजारी बापाचा देश येऊन बसला. दोन अक्षरांत दोन कुळे मावली. रणांगणावरच्या सेनापतीने केलेले हे बारसे कोणत्याही आत्येने मान्य केले असते.

परंतु या घराचे सुख अल्पकाळचे ठरले. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. शस्त्रक्रिया चालू होत्या, शिकविणे चालू होते, आणि शस्त्रवैद्यकावरील चिनी पाठ्यपुस्तकाचे लेखनही चालू होते. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या दिवशी यिनहुआ 108 दिवसांचा होता. शंभराव्या दिवसाची आशा ओलांडून अवघे आठ दिवस झाले होते. मूल निभावले, बाप गेला.

विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते, इतका तो सहवास थोडा. छिंगलानबाईंपुढे तान्हे मूल आणि भोवती युद्ध. अशा वेळी एखादी स्त्री नवऱ्याचा देश विसरली असती, तर कोणी काय म्हटले असते? छिंगलानबाई विसरल्या नाहीत. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. तरीही कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले, भारतात येऊन त्या आपल्या सासरच्या माणसांना भेटल्या, आणि कोटणीसांबरोबरच्या आयुष्याच्या आठवणी त्यांनी ग्रंथरूपाने सांगितल्या. यिनहुआही वडिलांच्या मार्गाने वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. परंतु ते शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास, 1967 साली, वयाच्या 24 व्या वर्षी तोही गेला. पतीच्या पश्चात जवळजवळ 70 वर्षे जगून छिंगलानबाईंनी 2012 मध्ये दालियेन शहरी देह ठेवला.

आज शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात कोटणीसांची समाधी आहे. त्याच उद्यानात बेथ्यून यांचीही आहे. सोलापुरात कोटणीसांच्या घरी त्यांचे स्मारक उभे आहे. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले. पण चित्रपटात आणि पुतळ्यात दिसतो तो वीर. खांगवर निजलेल्या तान्ह्या मुलाचा बाप त्यांत सहसा दिसत नाही.

वस्तुतः त्याग मोजावयाचा तो याच मापाने. एकट्या माणसाने मृत्यूस सामोरे जाणे कठीण खरे. परंतु ज्याच्या घरी नुकता पाळणा हलला आहे, त्याने कर्तव्यावर उभे राहणे त्याहून कठीण. आणि त्याच्या मागे तो पाळणा हलता ठेवणे, हे तर सर्वांत कठीण. ते काम ज्या स्त्रीने केले, तिचे नाव महाराष्ट्राने कोटणीसांच्या नावाशेजारी घ्यावयास हवे.

कडावच्या घरात बाळाला दहा हात लाभतात. होपेइच्या डोंगरातील त्या बाळाला प्रथम चार हात होते, आणि मग दोनच उरले. पण त्या दोन हातांनी दोन देशांचे नाव सांभाळले.