वस्तीची रचना आणि कामगाराची सुरक्षितता

(रेल्वे व डाक कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय सकाळच्या सत्रात झाले. आमच्याकडे दिलेला विषय जरा वेगळा आहे. घर आणि ड्युटी यांच्यामधल्या रस्त्याबद्दल आम्ही बोलणार आहोत. रात्री दोनला सुटणारी पॉइंट्सवुमन, पहाटे आर.एम.एस.ला हजर होणारा सॉर्टर, कॉल आला की बॅग उचलून लॉबीकडे निघणारा लोको पायलट, या सर्वांना तो रस्ता तुडवावा लागतो. त्या रस्त्यावर लूटमार झाली, एखाद्या भगिनीची छेड काढली गेली, की दोन उत्तरे ठरलेली असतात. "पलीकडच्या झोपडपट्टीतली पोरे असतील" हे एक, आणि "पोलीस वाढवा" हे दुसरे. ती जागा अशी बांधली कोणी आणि अशी पडू दिली कोणी, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तोच आज आपण विचारायचा आहे.

आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा मुंबईत गिरणगावच्या चाळीत वाढले. दहा बाय दहाची खोली, सामाईक नळ, रांगेतले संडास. तरीही रात्रपाळी करून येणारी माणसे निर्धास्त वर चढत, कारण सगळ्यांची दारे एकाच गॅलरीत उघडत. कोणाकडे कोण पाहुणा आला, कोणता अनोळखी माणूस जिन्यात रेंगाळतो, हे मजल्याला ठाऊक असे. चाळीत भांडणे होती, दादा लोकही होते. पण चोरट्याला लपायला जागा नव्हती. गरिबी होती म्हणून गुन्हा फोफावला असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी हीच गोष्ट १९६१ साली पुस्तकात मांडली. त्यांच्याजवळ ना कॉलेजची पदवी होती, ना नगररचनेची. न्यूयॉर्कमधल्या आपल्या गल्लीकडे डोळे उघडे ठेवून पाहणे, एवढेच त्यांचे शिक्षण. त्यांचे म्हणणे असे : रस्ता आधी माणसांच्या नजरेने सुरक्षित होतो, पोलीस त्यानंतर येतो. रस्त्याकडे तोंड केलेल्या खिडक्या, उशिरापर्यंत उघडी दुकाने आणि दिवसभर चालू राहणारी ये-जा या तीन गोष्टी असल्या, की रस्ता आपली राखण आपणच करतो.

आता उलट उदाहरण पाहू. अमेरिकेतच सेंट लुईस शहरात गरीब कुटुंबांसाठी प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत १९५० च्या दशकात उभी राहिली. ३३ इमारती, प्रत्येक अकरा मजल्यांची. पैसे वाचवायचे म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता काही ठरावीक मजल्यांवरच थांबे. बाकीच्यांनी जिन्याने चढायचे किंवा उतरायचे. त्या बंदिस्त जिन्यात काय चालले आहे हे कोणत्याच दारातून दिसत नसे. तिथेच लूटमार होऊ लागली. ऑस्कर न्यूमन हे वास्तुशास्त्रज्ञ त्याच शहरात शिकवत होते. जिन्याच्या ज्या चौकीवर दोनच घरांची दारे होती, ती स्वच्छ आणि सुरक्षित असल्याचे त्यांनी पाहिले. शे-दीडशे कुटुंबांच्या सामाईक प्रवेशद्वाराची आणि लिफ्टची मात्र दुर्दशा होती. रस्त्यापलीकडे कार स्क्वेअर नावाची, रांगेत जोडलेल्या घरांची वसाहत होती. लोक तशाच परिस्थितीतले, पण ती वसाहत नांदती राहिली. हे सारे न्यूमन यांनी १९७२ च्या पुस्तकात लिहिले. त्याच वर्षी सरकारने प्रुइट-आयगो पाडायला सुरुवात केली आणि १९७६ पर्यंत ती वसाहत जमीनदोस्त झाली.

पण साथींनो, सगळा दोष नकाशावर टाकून मोकळे होऊ नका. इमारती बांधायला केंद्र सरकारने पैसे दिले, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून करायची असा नियम होता. शहरातले रोजगार आणि लोकवस्ती घटली, घरे रिकामी पडली, भाडे आटले. मग लिफ्ट बंद, दिवे बंद, फुटक्या काचा तशाच. भाडे वाढत गेले तेव्हा सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी १९६९ मध्ये सुमारे नऊ महिने भाडेबंदी केली आणि लढा जिंकला. त्याच वर्षी सरकारी घरांचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपुरते मर्यादित करणारा कायदा अमेरिकन संसदेने केला. म्हणजे रचना चुकली आणि वर देखभालही तोडली, तेव्हा वस्ती बुडाली. देखभालीत काटकसर झाली की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सुधारणेला फार मोठा खर्च लागतो असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे प्रखर दिवे लावले. त्या वसाहतींत रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फिया शहरात ओसाड भूखंडांवरचा कचरा उचलून गवत लावले, चार झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांत अशा भूखंडांच्या परिसरातला गोळीबार सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला होता.

ओसाड जागेची किंमत आपल्याकडेही मोजली गेली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला, बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका महिला छायाचित्र-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. त्याच्या आदल्या महिन्यात तिथेच दुसऱ्या एका तरुणीवर तसाच अत्याचार झाल्याचे नंतर उघड झाले. गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण भर शहरात, रेल्वे स्टेशनजवळ, कोणाचीही नजर पोहोचणार नाही अशी पडीक जागा वर्षानुवर्षे राहते, याचा जाबही कोणाला तरी विचारला पाहिजे.

हे आपल्या दाराशी कसे येते ते पाहा. आमच्या माहितीच्या एका रेल्वे कॉलनीत यार्डाकडून क्वार्टर्सकडे येणाऱ्या वाटेवर कंडेम ठरवलेल्या क्वार्टर्सची रांग आहे. दारे-खिडक्या केव्हाच चोरीला गेल्या. आत जुगार आणि दारू. वाटेवर झुडपे माजलेली. रनिंग रूमसमोर एक चहाची टपरी रात्रभर चालू असे, ती अतिक्रमण म्हणून उठवली. टपरी गेली आणि त्या वळणावर रात्री दिसणारे एकमेव माणूसही गेले. पुढे रात्रपाळीहून परतणाऱ्या एका भगिनीची पर्स हिसकावून तिला ढकलून देण्यात आले. अर्ज केल्यावर पंधरा दिवस गस्त आली, मग थांबली.

तेव्हा युनियनच्या महिला साथींनी स्वतः पाहणी करायचे ठरवले. रात्री अकरा वाजता आम्ही त्यांच्यासोबत ती वाट चाललो. कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, कुठे वळणापलीकडचे दिसत नाही, कुठून हाक मारली तर कोणत्या घरात ऐकू जाईल, हे सगळे नकाशावर मांडले. निम्म्याहून जास्त दिवे बंद निघाले. तो नकाशा बैठकीत ठेवल्यावर दिवे लागले, झुडपे कापली गेली. पडके क्वार्टर्स मात्र अजून उभे आहेत. पाडायचे वर्क्सने, वीज तोडायची विद्युत विभागाने, पहारा द्यायचा सुरक्षा दलाने, आणि फाइल तिघांच्या मध्ये. आमच्या भगिनी रोज रात्री त्याच रांगेवरून येतात.

दिल्लीत 'सेफ्टीपिन' या उपक्रमाने २०१३ पासून अशीच पाहणी मोबाइलवर सुरू केली. उजेड, मोकळेपणा, फुटपाथ, माणसांची ये-जा, बायकांची उपस्थिती अशा मुद्द्यांवर रस्त्याला गुण देतात. आपल्याला मोबाइल नसला तरी चालेल, एक वही आणि पाच साथी पुरेत.

काही जण म्हणतात, इथे उजेड केला तर चोर पुढच्या गल्लीत जाईल. अनेक ठिकाणच्या अभ्यासात असे दिसले आहे की गुन्हा सगळाच्या सगळा शेजारी सरकत नाही, बराचसा टळतो. दुसरे म्हणतात, उंच भिंत बांधा, गेट लावा. भिंतीच्या आतल्यांना बरे वाटते, पण भिंतीबाहेरची वाट दोन्ही बाजूंनी आंधळी होते, आणि त्या वाटेने आपलाच ट्रॅकमन, आपलाच पोस्टमन जातो. कॅमेरा लावला तर हरकत नाही. पण कॅमेरा हाकेला ओ देत नाही.

म्हणून इंदूर असो, सिकंदराबाद, हुबळी वा भुसावळ, प्रत्येक शाखेला आमची विनंती आहे :

एक, महिला साथींच्या पुढाकाराने महिन्यातून एकदा रात्रीची पाहणी करा आणि नकाशा तयार करा.

दोन, कंडेम क्वार्टर्स ठरलेल्या मुदतीत पाडावेत व मोकळी जागा साफ ठेवावी, ही मागणी पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेत घाला. डाक साथींनी आपल्या वसाहती आणि पोस्टाच्या मागच्या दारापर्यंतचा रस्ता यासाठी जे.सी.एम.मध्ये तेच करावे.

तीन, नवे क्वार्टर्स बांधताना जिने व प्रवेश घरांच्या दारांतून दिसतील असे ठेवावेत, आणि आराखडा कॉलनी केअर कमिटीला आधी दाखवावा.

चार, रात्री चालणारी परवानाधारक टपरी ही सोय समजावी, अडथळा नव्हे.

कामाचे तास, विश्रांती, पगार यांसाठी आपल्या आधीच्या पिढीने लढा दिला. कामगार सहीसलामत घरी पोहोचणे हीदेखील सेवेची अट आहे, आणि ती लेखी मिळवायची आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाखेने आपल्या वाटेचा नकाशा घेऊन यावे, एवढे सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!