वर्गातील आजारी मूल आणि शाळेचे दायित्व

(पुण्यात शिक्षक व पालकांच्या बैठकीत एका बालरोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



३ ऑगस्ट २००९ हा दिवस पुणेकरांना विसरता येणार नाही. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो याच शहरात, आणि तोही चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या अहवालांकडे लागलेले डोळे आणि बंद झालेल्या शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. साथ आली की शाळा बंद करता येते. परंतु साथ नसताना वर्गात बसलेल्या आजारी मुलाचे काय, हा प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि आजही तो मागेच आहे.

साधा ताप घ्या. सकाळी मुलाचे अंग कढत लागते. त्या दिवशी घटक चाचणी असते, आई-वडील दोघेही नोकरीला जाणारे. पॅरासिटामॉल पाजले जाते आणि मूल रिक्षात बसते. या औषधाचा प्रभाव चार ते सहा तास टिकतो. म्हणजे ताप पुन्हा चढतो तो मधल्या सुट्टीच्या सुमारास, आणि तोवर स्वारीने चार मित्रांच्या डब्यात हात घातलेला असतो. मी त्या आईला दोष देत नाही. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस स्नेहसंमेलनात आपणच देतो ना? औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच मुलाला शाळेत पाठवावे, हे २००९च्या साथीत सांगितले गेले होते. ते बक्षीस आणि हा नियम एका शाळेत नांदू शकत नाहीत.

याहून अवघड गोष्ट नित्य औषधे घेणाऱ्या मुलांची. माझ्याकडे येणारी एक मुलगी सहावीत होती. टाइप-१ मधुमेह, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. दुपारचे इंजेक्शन ती शाळेच्या स्वच्छतागृहात, दार लावून, उभ्याने घेत असे. शाळेला काहीच ठाऊक नव्हते. “मुलीची जात आहे, डॉक्टर. उद्या लग्नाच्या वेळी बभ्रा नको,” असे तिचे वडील मला म्हणाले होते. एके दिवशी खेळाच्या तासानंतर तिची साखर उतरली. घाम, थरथर, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर. बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तिला वर्गाबाहेर उभे केले. ती भिंतीला धरून खाली बसली. सफाई करणाऱ्या मावशींच्या घरी मधुमेहाचा रुग्ण होता. त्यांनी खूण ओळखली आणि चहाची साखर तिच्या हातावर ठेवून तिला खायला लावली. थोड्या वेळाने मुलगी सावरली.

त्या बाई नंतर मला भेटल्या. “मला कोणी सांगितले असते तर!” एवढेच त्या म्हणाल्या. त्या कठोर मुळीच नव्हत्या.

मग त्यांना कोणी का सांगितले नाही? पालकांनी लपविले, हे खरे. परंतु आधीच्या शाळेत त्यांनी खरे सांगून पाहिले होते. ‘आम्हाला जोखीम नको, दुसरी शाळा पाहा’ हे उत्तर मिळाले होते. लपविण्याची शिकवण त्या कुटुंबाला आपल्याच व्यवस्थेने दिली.

वस्तुतः केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेला मधुमेही विद्यार्थ्यांना खाऊ जवळ बाळगण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले की, डॉक्टरांचा सल्ला असल्यास अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळचे खाऊ द्यावे. ते पत्र कितीजणांनी वाचले आहे, यासाठी हात वर करायला मी सांगत नाही.

करायचे ते फारसे खर्चाचे नाही. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात, पालकांनी स्वतः आणून द्यावे. दप्तरातील पुडीतल्या सुट्या गोळ्या शिक्षकांनी देऊ नयेत. दोन व्यक्ती नेमा, कारण एक रजेवर असतेच. दम्याचा पंप मात्र कुलपात नको, मुलाजवळच हवा. प्रथमोपचार पेटीची किल्ली लिपिकाच्या खिशात आणि लिपिक शिक्षण विभागाच्या कार्यालयात, असे प्रसंग मी पाहिले आहेत. साखर उतरलेल्या मुलाला तीन चमचे साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. फीट आलेल्या मुलाला कुशीवर वळवा. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर नकोच. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर थेट रुग्णालय. पुण्याच्या एप्रिलमध्ये इन्सुलिन खिडकीशी ठेवलेल्या दप्तरात राहिले तर निकामी होते. शीतकपाट नसेल तर सावलीतला माठ उपयोगी पडतो.

आणि प्रवेश अर्जासोबत एक पान जोडा: मुलाचा आजार, औषध, मात्रा, डॉक्टरांचा दूरध्वनी, आणि ‘ही माहिती कोणाला सांगावी’ हा रकाना. हा शेवटचा रकाना पालकांनीच भरायचा आहे; त्यावाचून ते बाकीचे खरे भरणार नाहीत. नमुना मी आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जाव्यात.