खेळ पाहण्याची विद्या
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षकाला बोलायला उभे केले म्हणजे तो शिक्षणावर बोलणार हे ठरलेलेच. आम्हीही त्याच विषयावर बोलणार आहोत, परंतु आजचा आमचा वर्ग पूलच्या टेबलाभोवती भरलेला आहे. हे नाव ऐकताच काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या आम्हाला येथूनही दिसतात. वाचनालयामागच्या रिकाम्या खोलीत पूलचे एक टेबल ठेवू द्यावे, असा आपल्या तरुणांचा अर्ज विश्वस्तांपुढे आहे आणि त्यावरून घरोघरी कुरबूर चालू आहे. निर्णय विश्वस्तांनी द्यावा. ज्या गोष्टीचा न्याय करायचा ती आधी नीट पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या शहरातील एका हॉलमध्ये हौशी खेळाडूंची लीग झाली. पाच-पाच जणांचे संघ होते. कोणी हिऱ्याच्या कारखान्यातला, कोणी साडीच्या दुकानात हिशेब लिहिणारा, कोणी लूमवरची रात्रपाळी करणारा, तर कोणी कॉलेजचा विद्यार्थी. आमचे काही जुने विद्यार्थी त्यात होते, म्हणून आम्ही चार-पाच संध्याकाळी तेथे जाऊन बसलो. जे पाहिले त्याचा अर्थ लावून सांगतो.

कॅरम आपण सर्वांनी खेळला आहे. कॅरममध्ये प्रत्येक फटक्याला स्ट्रायकर पुन्हा आपल्या रेघेवर येतो. मागचे विसरून नवा आरंभ करता येतो. पूलमध्ये ही सवलत नाही. पांढरा चेंडू जेथे थांबला तेथूनच पुढचा फटका मारावा लागतो. आपल्याच मागच्या कृतीचे बरेवाईट फळ समोर ठेवलेले असते. म्हणून नवखा प्रेक्षक पॉकेटात पडणाऱ्या चेंडूकडे पाहतो, तर जाणकार पांढरा चेंडू कोठे थांबतो ते पाहतो.

आम्हीही पहिल्या संध्याकाळी अवघड फटक्यांना टाळ्या वाजवल्या. हळूहळू ध्यानात आले, की उत्तम खेळाडूला अवघड फटके फारसे मारावेच लागत नाहीत. तो प्रत्येक फटका अशा बेताने मारतो, की पुढचा सोपा व्हावा. त्याचा खेळ दिसायला साधा असतो आणि त्या साधेपणातच त्याची सारी मेहनत असते. हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर एक पैलू घासताना शेजारच्या पैलूचा विचार करतो, तसेच हे आहे. सुरतकरांना हे अधिक समजावून सांगायला नको.

हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असे म्हणतात. पूल, स्नूकर, बिलियर्ड्‌स ही एकाच घरातली भावंडे. त्यांपैकी स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. कोणत्याही खेळातले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय याच घरातला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास जागतिक हौशी बिलियर्ड्‌स स्पर्धा जिंकली आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकली. मुंबईचे यासीन मर्चंट १९८९ आणि २००१ साली स्नूकरचे आशियाई विजेते झाले. आणि आपल्याच गुजरातेतले, अहमदाबादचे गीत सेठी यांनी १९८९ साली राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेत १४७ गुणांचा डाव केला. हा आकडा कसा येतो ते मुलांनी मांडून पाहावे. लाल चेंडू १५. प्रत्येक लाल १ गुणाचा आणि त्यानंतर काळा ७ गुणांचा, म्हणजे १५ गुणिले ८, झाले १२०. मग २ पासून ७ पर्यंतचे सहा रंगीत चेंडू, त्यांचे २७. एकूण १४७. यातला एकही फटका चुकून चालत नाही आणि प्रत्येक वेळी काळ्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

परंतु सर्वच काही गीत सेठी होत नाहीत. म्हणून लीगची रचना आम्हाला विशेष मोलाची वाटते. अमेरिकेत १९७९ साली हौशी पूल खेळाडूंची जी संघटना निघाली, तिच्या आठ-चेंडूंच्या खेळात प्रत्येकाला २ ते ७ अशी श्रेणी देतात आणि पाच जणांच्या श्रेणींची बेरीज २३ पेक्षा अधिक होऊ देत नाहीत. दोन सातवाले घेतले, तर उरलेल्या तिघांसाठी केवळ ९ राहतात. म्हणजे कच्च्या गड्याला संघात घ्यावेच लागते. दोनवाला सातवाल्यासमोर उभा राहिला, तर एकाला २ डाव जिंकायचे असतात, दुसऱ्याला ७. आपल्या मुलांनी हाच नियम उचलला होता. परिणाम असा, की संघातले पट्टीचे खेळाडू आपल्या कच्च्या सोबत्याला रविवारी सकाळी येऊन शिकवीत होते. वर्गातल्या हुशार मुलाने मागच्या बाकावरच्याला शिकवावे, म्हणून आम्ही वीस वर्षे घसा कोरडा केला. येथे एका बेरजेने ते साधले!

आणखी एक गोष्ट. एका निर्णायक डावात आघाडीवरचा खेळाडू वाकला असता त्याच्या बाहीचा एका चेंडूला किंचित स्पर्श झाला. पंचाला दिसले नाही, प्रतिपक्षालाही दिसले नाही. त्याने स्वतः हात वर केला, "फाउल" म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. तो डाव त्याने गमावला. असा धडा आम्हाला पाठ्यपुस्तकातून देता आलेला नाही.

आता पालकांची खरी भीती. अशा ठिकाणी पैजा लागतात, मुले रात्र रात्र बाहेर राहतात. ही भीती खोटी नाही आणि आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. पैज ही आपल्या घरांत निषिद्ध आहे आणि तशीच राहावी. परंतु पैज चालते ती जेथे वडीलधाऱ्यांची नजर नसते तेथे. मुले खेळायला जातच आहेत. ती कोणाच्या नजरेखाली खेळणार, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. वाचनालयामागच्या खोलीला वेळ राहील, वहीत गुण लिहिले जातील, दाराशी आपल्यापैकी कोणी बसेल. रात्री नऊला कुलूप लागेल. शिष्यवृत्तीच्या निधीतला एक पैसाही नको. टेबलाची रक्कम वर्गणीतून उभी करू, असे मुलांनी अर्जात लिहून दिले आहे.

त्या टेबलाच्या हिरव्या कापडाखाली दगडी पाटी असते. ज्या दगडाच्या पाटीवर आपल्यापैकी अनेकांनी मुळाक्षरे गिरवली, तोच हा दगड. त्यावर काय गिरवले जाते, हे हात धरणारावर अवलंबून असते. तेव्हा विश्वस्त बैठकीला बसण्यापूर्वी, ज्यांचा विरोध आहे त्यांनी एक संध्याकाळ आमच्याबरोबर यावे, मुलांच्या शेजारी बसावे आणि पांढऱ्या चेंडूवर नजर ठेवावी. त्यानंतर आपण जे ठरवाल ते आम्हाला मान्य आहे.