श्वासाची ओढ कशामुळे लागते?

हृदयाला स्वतःची लय असते, पण श्वासाला ती नसते. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू प्रत्येक वेळी आदेश आला तरच आकुंचन पावतो. हा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघतो आणि मानेतल्या चेतातंतूंवाटे खाली येतो. मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा, आपण गाढ झोपेत असलो तरीही.

जिना चढताना धाप लागते, तेव्हा श्वास वाढवायला हवा हे मेंदूला कसं कळतं? प्राणवायू कमी पडला म्हणून, असं आपण सहज म्हणतो. पण १९०५ साली ऑक्सफर्डच्या हाल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की एरवी श्वासाची सूत्रं कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतात. हा वायू रक्तात किंचित वाढला, तरी मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते. तिथल्या पेशी ती लगेच टिपतात आणि श्वास खोल व जलद होतो. प्राणवायूवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी गळ्यातल्या रोहिणींपाशी असतात. त्यांचं कार्य उलगडणाऱ्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र प्राणवायू बराच खाली गेल्याशिवाय या पेशी जोराने इशारा देत नाहीत.

जिवावर बेतणारे अपघात नेमके इथेच होतात. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्याआधी काही मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने घटतो. मग पाण्याखाली श्वासाची ओढ लागायला उशीर होतो, आणि ती लागण्याआधीच प्राणवायू संपत येऊन शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही असा बुडतो, तोही हातपाय न मारता. काठावरच्यांना वाटतं, अजून दम आहे याच्यात.

मैल्याची टाकी, गटाराचं चेंबर, बरेच दिवस बंद असलेली विहीर इथेही हाच धोका असतो. आत विषारी वायू असू शकतात. ते नसले, पण प्राणवायू कमी असला, तरी उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहतो. त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही. माणूस सरळ कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही बळी पडतो.

म्हणून एवढं कराच. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका, मुलांनाही घेऊ देऊ नका. आणि हवेची तपासणी व श्वसनसाधनं यांशिवाय अशा जागी कुणालाही उतरवू नका. आत कुणी कोसळलं असेल, तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा. गुदमरत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असं कधीही समजू नका.