दान नव्हे, संधि

अमरावतीचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या मनांत दोन गोष्टी उभ्या राहतात : एक अंबादेवीचें मंदिर आणि दुसरी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आखाडा. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं लावलेलें हें रोपटें पुढें इतकें वाढलें कीं, १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले तेव्हां या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशी प्रेक्षकांस दाखविलीं. वऱ्हाडच्या काळ्या मातींत कापूस पिकतो तशीं पिळदार शरीरेंहि पिकतात, असें अभिमानानें म्हणण्याची सोय या मंडळानें करून ठेविली आहे. शेजारच्या अकोल्यास मुष्टियुद्धाचा नाद आहे. तेथील वसंत देसाई क्रीडांगणावर मुलें-मुली हातमोजे चढवून घाम गाळतात. जेथें शरीर कमाविण्याची एवढी हौस, तेथें एक प्रश्न मुद्दाम विचारण्यासारखा आहे. मेहनतीनें कमाविलेलें शरीर एका क्षणांत हातचें गेलें, तर खेळाडूजवळ शिल्लक काय उरतें? आणि त्या वेळीं भोंवतालच्या समाजानें त्याला काय द्यावें?

या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधण्यापेक्षां एका मराठी माणसाच्या चरित्रांत शोधणें बरें. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ सालीं सांगली जिल्ह्यांत, इस्लामपूरजवळच्या पेठ या गांवीं झाला. लहानपणीं कुस्तीची आवड. पुढें अगदीं कोवळ्या वयांत ते लष्करांत दाखल झाले. यांत्रिकी विभागांतील त्या शिपायाला मुष्टियुद्धाची गोडी लागली आणि लष्करी सामन्यांतून त्यांचें नांव होऊं लागलें. तालमींत घटलेलें शरीर, लष्कराची शिस्त आणि विशीचें वय. मुष्टियोद्ध्याला याहून अधिक काय हवें?

पण १९६५ सालीं पाकिस्तानशीं युद्ध पेटलें. सियालकोट आघाडीवर पेटकर यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतील एक पाठीच्या कण्याशीं कायमची रुतून बसली. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयांत दीर्घ उपचार झाले, प्राण वांचले. परंतु कमरेखालचें अंग लुळें पडलें. मुष्टियुद्ध हा हातांचा खेळ, असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. खरें पाहतां तो पायांचाहि खेळ आहे. ठोशाचें बळ जमिनीवर रोवलेल्या पावलांतून वर येतें, आणि प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकविण्याचें कामहि पायच करतात. तेव्हां त्या एका गोळीनें पेटकर यांचा खेळच संपविला, असेंच कोणीहि म्हटलें असतें.

कण्याची इजा इतकी दारुण कां, हें येथें थोडें समजून घेतलें पाहिजे. कण्याच्या पोकळींतून जाणारी मज्जारज्जु म्हणजे मेंदूचे हुकूम पायांपर्यंत पोंचविणारी तार. ती तुटली कीं स्नायु शाबूत असूनहि निकामी होतात. कारण त्यांना हुकूमच मिळत नाहीं. संवेदना गेल्यामुळें एकाच कुशीवर पडून राहिल्यानें त्वचेला झालेली इजा कळत नाहीं, जखमा चिघळतात. मूत्रमार्गांत दोष शिरतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रोगी बहुधा याच दोन कारणांनीं दगावत, आणि वैद्यहि त्यांची आशा सोडून देत. ही निराशा मोडून काढली ती लुडविग गटमन या ज्यू डॉक्टरानें. नाझींच्या छळामुळें १९३९ सालीं जर्मनी सोडून इंग्लंडांत आलेल्या या गृहस्थाकडे १९४४ सालीं स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाचा नवा विभाग सोंपविण्यांत आला. रोग्याला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, जखम होऊंच देऊं नये, आणि तो जरा सांवरतांच त्याच्या हातांत कांहीं तरी काम व कांहीं तरी खेळ द्यावा, असा त्यांचा परिपाठ होता. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, गटमन यांनीं आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या सोळांत स्त्रियाहि होत्या. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचें मूळ तें हेंच.

पेटकर यांनाहि वैद्यकीय सल्ल्यानेंच पोहण्याची वाट सांपडली. लुळ्या पडलेल्या शरीरास पाण्याचा मोठा आधार असतो. जमिनीवर जें अंग ओझें होऊन बसतें, त्याचा भार पाणी आपल्या अंगावर घेतें. पाय हलत नसले तरी दंड आणि छाती यांच्या जोरावर माणूस पुढें सरकूं शकतो. मात्र पोहतांना एरवीं पाय मागून जो रेटा देतात तो मिळत नाहीं. उलट ते खालीं ओढ घेतात. म्हणजे धडधाकट माणसाला जें अंतर दोन हात व दोन पाय मिळून कापावयाचें, तें येथें केवळ दोन हातांनीं, पायांचा भार ओढीत कापावयाचें. पेटकर यांनीं हा नवा खेळ अगदीं आरंभापासून शिकावा तसा शिकून घेतला. शिवाय टेबल टेनिस, भालाफेक यांचाहि सराव केला. १९६८ सालीं तेल अवीव येथें भरलेल्या पॅरालिंपिक सामन्यांत भारतानें प्रथम भाग घेतला, त्या पथकांत टेबल टेनिसचे खेळाडू म्हणून ते होते.

१९७२ सालचे सामने जर्मनींत हायडेलबर्ग येथें झाले. ज्या देशांतून गटमन यांना जीव घेऊन निघावें लागलें, त्याच देशांत त्यांच्या कल्पनेंतून निघालेले सामने भरावेत, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा. पण तेथें पोंचणें सोपें नव्हतें. परदेशचा प्रवास म्हणजे पैशाचा प्रश्न. आणि त्या काळीं अशा खेळाडूंकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. या प्रसंगीं प्रवासखर्चास मदत केली ती प्रसिद्ध क्रिकेटपटु विजय मर्चंट यांनीं. मर्चंट यांची शेवटची कसोटी १९५१ सालीं दिल्लीस इंग्लंडविरुद्ध झाली. तींत त्यांनीं १५४ धावा काढल्या, आणि त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना खांद्यास झालेल्या दुखापतीनें त्यांचें खेळणें कायमचें थांबलें. पुढें त्यांनीं अपंगांच्या कार्यांत मनःपूर्वक लक्ष घातलें. ज्याचा स्वतःचा खेळ दुखापतीनें संपला, त्यानें दुसऱ्या जायबंदी खेळाडूला खेळाच्या दारापर्यंत पोंचवावें, यांत औदार्याचें एक निराळेंच रूप दिसतें. मर्चंट यांनीं दिलें तें आगगाडींतल्या भिकाऱ्याच्या हातावर टाकलेल्या नाण्यासारखें नव्हतें. तें विमानाचें तिकीट होतें. आणि तिकिटाबरोबर ‘तुम्ही जिंकूं शकाल’ हा विश्वास होता.

तो विश्वास अनाठायीं ठरला नाहीं. हायडेलबर्ग येथें पन्नास मीटरच्या जलतरणाच्या शर्यतींत पेटकर यांनीं ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकलें व त्या वर्गांतील जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. पॅरालिंपिक सामन्यांत भारतास मिळालेलें हें पहिलें सुवर्णपदक होय. युद्धांत ज्याला मृत म्हणून सोडून देण्याची वेळ आली होती असें सांगतात, त्याच्यासाठीं सात वर्षांनीं परदेशांत राष्ट्रध्वज वर चढला.

त्यापुढची गोष्ट पदकाइतकीच मोलाची आहे. पेटकर यांना टाटांच्या टेल्को कंपनीकडून मदत देऊं करण्यांत आली, तेव्हां त्यांनीं पैसे न घेतां नोकरी मागितली, असें सांगितलें जातें. पुण्याच्या टेल्कोंत त्यांनीं पुढें वर्षानुवर्षें काम केलें, हें तर सर्वश्रुतच आहे. या मागणींत मानीपणा आहे. पण तेवढाच नाहीं. फुकट मिळालेल्या पैशानें एका माणसाचें एका वर्षाचें भागतें. मिळालेलें काम मात्र चोख करून दाखविलें कीं मागून येणाऱ्या दहाजणांसाठीं कारखान्याचें दार उघडें राहतें. स्वतःसाठीं सोपें तें न मागतां इतरांच्या उपयोगीं पडेल तें मागणें, हेंहि दातृत्वच आहे. सन्मानाच्या बाबतींत मात्र देशानें फार उशीर केला. पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडलें. म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. अर्जुन पुरस्कार तर २०२५ च्या जानेवारींत, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर हातीं आला.

वऱ्हाडास ही विचारसरणी नवी नाहीं. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तपोवन उभारलें, तें कुष्ठरोग्यांना नुसतें अन्न घालण्यासाठीं नव्हे. समाजानें गांवाबाहेर काढलेल्या माणसांनीं तेथें शेती करावी, हातानें वस्तु घडवाव्या आणि आपल्या कष्टाची भाकरी खावी, असा त्यांचा आग्रह होता. ‘दया करूं नका, काम द्या’ असेंच जणु तपोवनाची माती सांगते. पेटकरांची मागणीहि याच जातीची.

त्याच अमरावतीनें पाण्यांतलाहि एक दाखला दिला आहे. कांचनमाला पांडे या अमरावतीच्या जलतरणपटूला जन्मापासूनच दृष्टीची साथ नाहीं. येथें दुखापत नव्हे, तर निसर्गानेंच उणें ठेवलेलें. मेक्सिको येथें भरावयाची जागतिक पॅरा जलतरण स्पर्धा २०१७ च्या सप्टेंबरांतील भूकंपामुळें पुढें ढकलली गेली व डिसेंबरांत झाली. तींत दोनशे मीटर मिश्र शैलीच्या शर्यतींत कांचनमालानें सुवर्णपदक मिळविलें. या वर्गांतील सर्व स्पर्धकांना काळे केलेले चष्मे घालावे लागतात, म्हणजे कोणाला अंधुक दिसत असेल तर त्याचाहि फायदा होऊं नये. चार निरनिराळ्या शैली, आणि समोर पूर्ण काळोख! भिंत जवळ आली हें कळावें म्हणून तलावाच्या कांठीं एक सहायक लांब काठी घेऊन उभा असतो; योग्य क्षणीं तो काठीच्या मऊ टोकानें पोहणाऱ्याच्या अंगास हलका स्पर्श करतो. क्षणभर लवकर स्पर्श झाला तर वेळ वायां जातो, क्षणभर उशीर झाला तर डोकें भिंतीवर आदळतें. पोहावयाचें मात्र ज्याचें त्यानेंच.

समाजानें काय द्यावें, याचें उत्तर या काठीइतकें सोपें आहे. खेळाडूला कोणी उचलून पैलतीरीं न्यावें अशी त्याची अपेक्षा नसते. योग्य क्षणीं योग्य स्पर्श मिळावा एवढीच असते. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं निदान चार टक्के जागा राखून ठेविल्या आहेत. तथापि कायदा कचेरीचें दार उघडील, आखाड्याचें दार गांवानेंच उघडलें पाहिजे. अमरावती-अकोल्याच्या व्यायामशाळेंत चाकांची खुर्ची चढण्यास उतरण आहे काय? तलावांत उतरण्याच्या शिडीला भक्कम कठडा आहे काय? वस्तादाजवळ अशा मुलासाठीं आठवड्यांतून दोन तास आहेत काय? परगांवच्या सामन्याला जावयाचें तर त्याच्या व त्याच्या सोबत्याच्या भाड्याची सोय कोण करील? यांतील एकहि गोष्ट श्रीमंताच्याच आवांक्यांतली नाहीं. एखाद्या पेठेंतल्या चार घरांनीं मिळून एका खेळाडूचा एका प्रवासाचा खर्च उचलला, तरी मर्चंट यांनीं केलें तेंच काम लहान प्रमाणावर होईल. जिद्द ही खेळाडूनें आणावयाची; तिकीट तेवढें गांवानें काढावयाचें.