जागतिक राजकारण : एक शालेय विषय

दहावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच खल सुरू होतो : पुढें विषय कोणते घ्यावयाचे? त्या यादींत हल्लीं कोठें कोठें 'जागतिक राजकारण' हें नांव दिसूं लागलें आहे. तें पाहून एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या कपाळास आंठी पडते. "राजकारण हा का शिकावयाचा विषय? वर्तमानपत्र वाचलें म्हणजे झालें!" या आक्षेपाचा आज थोडा विचार करूं.

हा विषय कांहीं कालचा नव्हे. पहिल्या महायुद्धांत लक्षावधि तरुण बळी पडले. असें पुन्हां होऊं नये, तर राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारांचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे, या भावनेनें १९१९ सालीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें त्याचें पहिलें अध्यासन निघालें. विद्यापीठांतून शाळेंत उतरावयास त्याला बराच काळ लागला. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २००७ सालीं बारावीसाठीं समकालीन जागतिक राजकारणावर स्वतंत्र पाठ्यपुस्तक काढलें. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळांतून हा विषय याच नांवानें शिकवितात. सत्ता, सार्वभौमत्व, वैधता आणि परस्परावलंबन या चार कल्पनांवर तेथें त्याची उभारणी केलेली आहे.

या जड शब्दांनीं बिचकून जाण्याचें कारण नाहीं. एक घरगुती उदाहरण घेऊं. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर आक्रमण केलें. काळ्या समुद्रावरील युक्रेनचीं बंदरें बंद पडलीं आणि थोड्याच दिवसांत आपल्याकडे सूर्यफुलाचें तेल महागलें. कारण त्या तेलाचा फार मोठा भाग युक्रेनमधून येत असे. वर्तमानपत्रानें आपल्याला भाव सांगितला. विद्यार्थ्याला मात्र तेथून पुढें जावें लागतें. दूरच्या बंदराचा आपल्या फोडणीशीं संबंध जडला, हें परस्परावलंबन. एका राष्ट्रानें दुसऱ्याची सीमा ओलांडली, तेव्हां सार्वभौमत्वाचें काय उरलें? सुरक्षा परिषदेच्या पंधरा सभासदांपैकीं अकरांनीं निषेधाच्या ठरावास अनुकूल मत दिलें, तरी एकट्या रशियाच्या नकाराधिकारानें तो पडला; ही सत्ता. पुढें २ मार्च रोजीं आमसभेंत १४१ राष्ट्रांनीं आक्रमणाचा निषेध केला. पण तो ठराव कोणावर बंधनकारक नव्हता. मग त्याचें मोल काय? हा वैधतेचा प्रश्न.

दोन्ही प्रसंगीं भारत तटस्थ राहिला. तें योग्य झालें काय? येथें वर्गांत दोन तट पडतात, आणि खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. एक म्हणतो, शस्त्रें आणि इंधन यांची गरज असलेल्या देशानें आपलें हित पाहिलें. दुसरा म्हणतो, सीमांच्या पावित्र्याविषयीं आपणच गप्प राहिलों, तर उद्यां आपल्यासाठीं कोण बोलेल? दोघांनाही आधार दाखवावा लागतो, आणि प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावें लागतें. शिक्षकानें येथें आपलें मत मुलांच्या गळीं उतरवूं नये. तसें केल्यास हा विषय प्रचार होऊन बसेल, हें भय खोटें नाहीं.

आपल्या देशांत १९८९ पासून अठराव्या वर्षीं मताधिकार मिळतो. म्हणजे बारावीचें वर्ष आणि मतदारयादींत नांव येण्याचें वर्ष जवळजवळ एकच. त्याच वयांत हातांतील दूरध्वनीवर दर घटकेला नवी अफवा येऊन थडकते. पुढें जे डॉक्टर वा इंजिनिअर होतील, त्यांना ही पारख शिकण्याची संधि वर्गांत बहुधा पुन्हां मिळणार नाहीं.

तेव्हां आपल्या मुलानें किंवा मुलीनें हा विषय मागितला, तर नकार देण्यापूर्वीं एका संध्याकाळीं जेवतांना एवढेंच विचारावें : "तुला न पटणारी बाजू मला समजावून सांगशील का?" आणि तें सांगणें आपणही शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.